कान बांधलेला हंडा

मित्रांनो, मी एक जुना हंडा आहे. एवढं एक वाक्य मी खात्रीनं सांगू शकतो. यापुढचं सगळं जरा गोंधळाचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या. काही गोष्टी मी ऐकल्या, काही मला ऐकू येऊ नयेत म्हणून माझे कान बांधले गेले, आणि मधली काही वर्षं माझ्या पोटात एक कोंबडी बसली होती. अशात कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

माझा जन्म कुआउत्ला शहराच्या बाजारामागं, पत्र्याची भांडी करणाऱ्या आबुंदियोच्या दुकानात झाला. त्यानं पत्रा गोल वाकवला, जोडावर डाग दिला, तळ बसवला आणि दोन्ही बाजूंना दोन जाड कान लावले. पोटात, तळापासून चार बोटं वर, भोकाभोकांची एक जाळी ठेवली. जाळीखाली पाणी आणि जाळीवर मका, एवढंच माझं शिक्षण. शेवटी त्यानं मला टिचकी मारली, वाकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा बोलका निघणार." तो असं का म्हणाला ते मला अजून समजलेलं नाही. आजवर मी कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. तुमच्याशी बोलतोय तेवढाच.

फेलिसितास नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या धर्ममातेनं मला आंदण म्हणून दिलं. या मुलीला सगळे फेली म्हणत. धर्ममातेनं माझ्या पोटात वीस सेंतावोचं एक तांब्याचं नाणं टाकलं आणि फेलीला म्हणाली, "पाणी उकळलं की हे तळाशी नाचायला लागेल. वाजतंय तोवर खुशाल बस. वाजायचं थांबलं की समज, पाणी आटलं. मग हातातलं सोडून धाव."

हे मला कळलं. पण त्यानंतर तिनं जे केलं ते कळलं नाही. तिनं मक्याच्या कणसाची साल उभी फाडली, तिची पट्टी केली आणि माझ्या एका कानाला छान गाठ मारली. मग दुसऱ्या कानाला. म्हणाली, "हंड्यासमोर कुणी भांडायचं नाही. भांडण ऐकलं की हंडा रुसतो, आणि आतलं सगळं कच्चं राहतं. म्हणून त्याचे कान बांधायचे."

मित्रांनो, तुम्हाला एक गुपित सांगतो. सालीच्या पट्टीनं ऐकू यायचं काही थांबत नाही. मला सगळं ऐकू येतं, अगदी कोपऱ्यातली कुजबुजसुद्धा. पण रुसण्याचं म्हणाल, तर तिथं माझाच गोंधळ आहे. फेलीच्या लग्नातच नवऱ्याचा काका आणि नवरीची आत्या वाजंत्रीवाल्यांच्या जेवणावरून माझ्या शेजारी उभं राहून कडाकडा भांडले. आणि खरंच, तामालांचा वरचा एक थर कच्चा निघाला. तामाल म्हणजे मक्याच्या पिठाचे, सालीत गुंडाळून वाफवलेले मुटके. सगळ्यांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. मी रुसलो होतो का? मला तर तसं वाटलं नव्हतं. पण इतकी माणसं म्हणतात, तर रुसलोही असेन.

फेलीच्या नवऱ्याचं नाव कास्तुलो. घरामागंच त्याचं मक्याचं शेत होतं. पावसाळा सरत आला की कोवळी कणसं यायची आणि माझे दिवस सुरू व्हायचे. कास्तुलोला कणीस सालीसकट आवडायचं. जाळीवर कणसं उभी लावायची, वर पेरिकोनच्या पिवळ्या फुलांची एक काडी टाकायची, आणि नाणं वाजायला लागल्यापासून अर्धा तास झाकण उघडायचं नाही. मग साल मागं ओढायची, अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून वरून चोळायचं. कास्तुलो पहिला घास घ्यायचा आणि दर वर्षी तेच म्हणायचा, "फेली, हा हंडा माझ्याआधी मेला तर मी दुसरं लग्न करणार नाही."

यावर सगळे हसायचे. मी मात्र विचारात पडायचो, की त्याचं लग्न नक्की झालं तरी कुणाशी.

लेकरं वेगळीच. त्यांना अर्ध्या तासाचा धीर कुठला? ती कणसं सरळ निखाऱ्यांवर टाकायची आणि तोंडं काळी करून घ्यायची. आळशी शेजारणी तव्यावरच फिरवून घ्यायच्या. पण बारसं असो की मयत, माणसं माझ्याकडंच यायची. "फेली, हंडा दे गं." मी गावभर फिरलो. एकदा एका बारशात वाजंत्री इतकी जोरात चालली होती, की माझं नाणं कधी थांबलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. पाणी आटलं आणि माझा तळ जळाला. तो काळा डाग अजून आहे. घासून जात नाही.

मग मुलं मोठी झाली आणि एकेक करून निघून गेली. धाकटा एलियासार राजधानीत गाडी चालवायला लागला. घरात दोन माणसं उरली. दोन माणसांच्या दोन कणसांसाठी एवढा मोठा हंडा कोण चढवणार? मला परसात ठेवलं. पाऊस आला, ऊन आलं, आणि एक दिवस एक खुडूक कोंबडी माझ्यात उडी मारून बसली ती उठेचना. जाळीवर मका ठेवतात हे मला ठाऊक होतं. अंडी ठेवतात हे कुणी शिकवलं नव्हतं. मी हंडा आहे की खुराडं, हे मला त्या वर्षांत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता त्या तांबड्या मक्याचं सांगतो. जे काही घडलं ते त्याच्यापायीच घडलं.

कास्तुलोच्या शेतात बहुतेक पांढराच मका असायचा. पण बांधालगतच्या दोन ओळी तांबड्या मक्याच्या. हे बियाणं त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. दर वर्षी उत्तम कणसं वाळवून स्वयंपाकघरात चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुरानं त्यांना कीड लागत नसे, आणि पुढच्या जूनमध्ये तेच दाणे पेरायचे. बाजारात हे बियाणं मिळत नाही. गावातही आता कुणाकडं उरलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी पाऊस रुसला आणि टांगायला जेमतेम तीन कणसं मिळाली. ते सगळे दाणे कास्तुलोनं पुढच्या जूनमध्ये स्वतःच्या हातानं पेरले. जुलैत छातीत कळ आली आणि तो गेला.

मयताच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला माणसं जमली. कोंबडीला उठवून मला घासलं, चुलीवर चढवलं. फेलीनं माझ्या कानांना गाठी मारल्या. "शहाण्यासारखा वाग हो," ती मला म्हणाली. मी वागलो. तामाल मऊ झाले. पहिला घास घेऊन तेच ते वाक्य बोलणारं मात्र कुणी नव्हतं.

एलियासारची बायको येसेनिया तेव्हा पहिल्यांदाच या घरी आली होती. ती कोपऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. "हे कशाला बांधतात?" तिनं गाठीला हात लावून विचारलं. फेलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती एवढंच म्हणाली, "रीत असते." कानांचं, रुसण्याचं काही सांगितलंच नाही. मला तेव्हाही वाटलं, की अर्धंच सांगितलं. पण मी कोण बोलणार?

आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून एलियासार आणि येसेनिया गावातच राहिले. तो पहाटे कुआउत्लाची गाडी घेऊन निघायचा आणि संध्याकाळी यायचा. दिवसभर घरात सासू आणि सून. येसेनियानं शहरातून मायक्रोवेव्ह आणला होता. सासूला खूश करावं म्हणून तिनं एकदा त्यात कणीस केलं. सालीसकट चार मिनिटं आत ठेवलं, मग बुडखा कापला, शेंड्याकडून दाबलं, आणि कणीस सुळकन बाहेर आलं. एक केससुद्धा चिकटलेला नव्हता. मला पुन्हा परसात ठेवलं होतं; तिथून बघताना मलाही कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू?

"चार मिनिटांत?" फेली म्हणाली. "एवढ्यात मका नुसता दचकतो, पोरी. शिजत नाही."

तिनं ते कणीस खाल्लं नाही. त्या दोघी कधी भांडायच्याच नाहीत. "मीठ हवंय का, आई?" "नको, पोरी." इतकंच. भांडण नसलेलं घर चांगलं असतं असं मी जन्मभर ऐकत आलो होतो. मग या घराकडं बघून माझा तळ का दुखायचा, ते मला कळायचं नाही.

ऑगस्टमध्ये गारपीट झाली आणि तांबड्या मक्याच्या दोन्ही ओळी आडव्या झाल्या. फक्त अकरा ताटं उभी राहिली. एका ताटाला एक कणीस.

सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला शेजारीण चोना परसात आली. दुसरा दिवस म्हणजे संत मिगेलच्या सणाचा आदला दिवस. त्या दिवशी सैतान मोकळा सुटतो आणि शेतात लोळतो म्हणतात, म्हणून शेताच्या चारी कोपऱ्यांत पेरिकोनच्या फुलांचे क्रूस लावायचे आणि मग वर्षाची कणसं पोटभर खायची. फुलं आणायला पहाटे टेकडीवर जायचं दोघींनी ठरवलं.

"तांबड्याचं काय?" चोनानं विचारलं.

फेलीनं आवाज खाली आणला. "अकरा ताटं आहेत. प्रत्येकाला सालीची गाठ मारून आलेय, आत लाल लोकर घालून. उद्या कणसं तोडताना कुणाचा हात लागायला नको. पुरती वाळू देणार. एवढंच उरलंय गं त्याच्या हातचं."

"सुनेला सांगितलंस?"

"तिला काय सांगायचं? शहरातली पोर. तिला मका दुकानात पिकतो असं वाटत असेल."

"अगं, पण घरातलीच ना ती आता?"

तेवढ्यात येसेनिया धुणं वाळत घालायला बाहेर आली. फेली गप्प झाली. चोना कोंबडीकडं बघून उगाच "किती अंडी देते गं ही?" म्हणाली. येसेनिया खाली मान घालून कपडे झटकत राहिली. आपण आलो की बोलणं थांबतं, हे कुणालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेली आणि चोना टेकडीवर गेल्या. थोड्या वेळानं येसेनिया पोतं घेऊन शेतातून आली. तिनं कोंबडीला उचलून बाजूला ठेवलं, मला राखेनं घासलं, खळखळून धुतलं आणि चुलीच्या तीन दगडांवर बसवलं. माझं मन भरून आलं. "आज आईंना त्यांच्यासारखंच करून घालते," ती स्वतःशीच म्हणाली. "मायक्रोवेव्ह नको नि काही नको." पाणी घातलं. नाणं टाकलं. जाळी ठेवली. एकेक कणीस सालीसकट उभं लावलं. अकरा.

मग पदरासारख्या पुढं बांधलेल्या फडक्यातून तिनं गाठी मारलेल्या सालीच्या पट्ट्या काढल्या. दोन माझ्या दोन कानांना बांधल्या. बाकीच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकवल्या. प्रत्येक गाठीत लाल लोकर होती.

लाल लोकर? माझ्या कानांना याआधी कधी लोकर लागली नव्हती. हे लाल लोकरीचं मी कुठं तरी ऐकलं होतं. कालच ऐकलं होतं. पण काल कोंबडी माझ्या पोटात फडफडत होती, आणि आता खाली धूर झाला होता. लोकर, अकरा, गाठी, सगळं माझ्या डोक्यात मक्याच्या केसांसारखं गुंतलं. आणि जेव्हा ते सुटलं, तेव्हा माझं झाकण लागलेलं होतं आणि तळ तापायला लागला होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता यायला हवं होतं. आबुंदियो म्हणाला होता ना, बोलका निघणार म्हणून? मी ओरडायचा प्रयत्न केला. हंड्याचा प्रयत्न तो. झाकणाखालून थोडी वाफ आली, बस. लाकडं पावसानं ओली होती म्हणून विस्तव नीट पेटत नव्हता. येसेनिया बिचारी फुंकर घालत होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, फुंकू नकोस, बाई.

तेवढ्यात फेली आणि चोना फुलांच्या जुड्या घेऊन आल्या. मला चुलीवर पाहून फेलीच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. मग तिची नजर माझ्या कानावर गेली.

"ही लोकर कुठून आणलीस?"

"शेतातून," येसेनिया उत्साहानं म्हणाली. "तुम्ही गाठी मारून ठेवलेलीच कणसं आणली, आई. अकराच्या अकरा. बाकीच्यांना हातसुद्धा लावला नाही."

फेलीच्या हातातली फुलं खाली पडली.

"अगं, ते बी होतं," ती म्हणाली. आधी अगदी हळू. मग मोठ्यानं, "ते बी होतं! त्याच्या हातचं शेवटचं बी होतं, आणि तू ते शिजायला घातलंस?"

येसेनिया पांढरीफटक पडली. "मला वाटलं, हंड्याला बांधता तशाच गाठी, म्हणजे हंड्यात घालायच्या कणसांना खूण केली असेल. मला कुणी..."

"फेली, हंड्यासमोर नको!" चोना सवयीनं ओरडली. "भांडायचं तर बाहेर चल, नाही तर कच्चं राहील सगळं."

हे ऐकून फेली एकदम थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. असं तिनं माझ्याकडं कधीच पाहिलं नव्हतं. मग ती पुढं आली आणि तिनं माझ्या दोन्ही कानांच्या गाठी खसाखसा ओढून काढल्या.

"ऐक!" ती मला म्हणाली. "चाळीस वर्षं तुला जपलं, तुझ्यासमोर एक वाकडा शब्द बोलले नाही. आज ऐक. सगळं ऐक. आणि शिजवू नकोस, मेल्या, शिजवू नकोस!"

आणि ती भांडायला लागली. येसेनियाशी भांडली, तिच्या चार मिनिटांच्या मक्याशी भांडली. मुलं निघून गेली म्हणून त्यांच्याशी भांडली. विचारल्याशिवाय मेला म्हणून कास्तुलोशी भांडली. मध्येच सुनेकडं वळून म्हणाली, "गप्प काय उभी? तूही भांड! एकटीनं भांडण होतं का कुठं?"

"मी काय भांडू?" येसेनिया रडत म्हणाली.

"जे पोटात असेल ते बोल!"

"मला कधी सांगितलंत तुम्ही?" येसेनियाचा आवाज फुटला. "मी आले की तुमची तोंडं बंद! गाठीचं विचारलं तर म्हणे, रीत असते! कसली रीत? कुणाची? तीन महिने झाले, या घरात मला मीठ हवं की नको याच्यापलीकडं कुणी काही बोललं नाही. बाबांच्या हातचं बी तिथं उभं आहे हे मला माहीत असतं, तर मी त्या शेतात राखण करत झोपले असते!"

"अगं बायांनो," चोना दोघींच्या मध्ये शिरत होती, "आधी तो हंडा उतरवा तरी..."

ठण्.

माझ्या पोटात नाणं एकदा वाजलं.

सगळ्या थिजल्या. पाणी उकळायला लागलं होतं. मी ते वाजवलं नाही, मित्रांनो, शपथ घेतो. ते आपोआप वाजलं. येसेनियानं फडकं शोधलं नाही, काही नाही. तिनं दोन्ही हातांनी माझे तापलेले कान धरले आणि मला चुलीवरून उचलून खाली ठेवलं. तिच्या तळहातांची कातडी माझ्या कानांना चिकटली. ती ओरडली, पण मला सोडलं मात्र जमिनीवर टेकल्यावरच.

मग कणसं बाहेर काढली. साली मागं ओढल्या. आत तांबडे दाणे, गरम, ओलसर, चमकणारे. फेलीनं एकात नख खुपसून पाहिलं. दाणे पुरते कोवळे नव्हते, अर्धे टणक होत आलेले.

"गेलं की राहिलं?" चोनानं विचारलं.

"जूनमध्ये कळेल," फेली म्हणाली.

तिनं कणसं सावलीत पसरली. मग ती कोरफड कापायला गेली. येसेनियाच्या हातांना गर लावून फडकी बांधली. शेवटी फेली शेतात जाऊन पांढऱ्या मक्याची दोन कणसं घेऊन आली आणि निखाऱ्यांवर टाकली.

"सगळ्यात सोपी रीत ही," ती म्हणाली. "निखाऱ्यावर टाकायचं आणि शेजारी बसून राहायचं. उठून गेलं की जळतं."

दोघी शेजारी बसून राहिल्या. कणीस भाजल्यावर फेलीनं अंगठ्यानं दाणे सोडवले आणि सुनेला भरवले, कारण तिचे हात बांधलेले होते.

"आणि हंड्याला गाठ कशाला मारतात ते ऐक," ती म्हणाली. तिनं सगळं सांगितलं. कान, रुसणं, लग्नातला काका आणि आत्या. येसेनिया रडता रडता हसली. मग तांबड्या मक्याचं सांगितलं, आज्यापासून. त्याला बराच वेळ लागला.

अकरा कणसं त्या वर्षी आढ्याला टांगलेली राहिली. मला परसात न ठेवता स्वयंपाकघरातच एका कोपऱ्यात ठेवलं, त्यामुळं मीही रोज त्यांच्याकडं बघायचो. ती जिवंत आहेत की मेलेली, हे नुसतं बघून कळत नव्हतं. मला सारखं वाटायचं, त्या दिवशी मी नक्की काय केलं? माझी वाफ किती वर गेली? मी आठवून आठवून थकलो. चोना म्हणायची, भांडणानं वाचवलं. एलियासार म्हणायचा, ओल्या लाकडांनी वाचवलं. मी कुणाचं खरं मानू? वाचलंय की नाही हेच तर ठाऊक नव्हतं.

जून आला. प्रत्येक कणसाचे तीन दाणे, असे तेहेतीस दाणे फेलीनं ओल्या फडक्यात गुंडाळले आणि माझ्या जाळीवर ठेवले. खाली चार बोटं पाणी. झाकण अर्धवट. मी घाबरलो. पाणी आहे, मका आहे, झाकण आहे, आता विस्तव येणार! पण विस्तव आला नाही. रोज सकाळी फेली फडक्यावर पाण्याचा हबका मारायची आणि उघडून न बघताच निघून जायची. आपल्याला नक्की काय करायचंय हे मला कळेना, म्हणून मी नुसता गार राहिलो. जमेल तितका गार.

सहाव्या सकाळी तिनं हाक मारली, "येसे, इकडं ये. तू उघड. माझा धीर होत नाही."

येसेनियानं फडकं उलगडलं. तिच्या तळहातांवर अजून गुलाबी वण होते. ती एकेक दाणा बाजूला करत गेली. काळवंडलेला. बुरशी आलेला. मऊ पडलेला. पुन्हा काळवंडलेला. मग ती थांबली.

"आई," ती म्हणाली, "हा बघा."

एका दाण्याला पांढरं टोक फुटलं होतं. सुईच्या टोकाएवढं. मग आणखी एकाला. तिनं तीनदा मोजले. सात होते.

फेली खालीच बसली. "सात म्हणजे पुष्कळ झाले," ती म्हणाली. "सात म्हणजे आहे तो अजून." मग तिनं तोंडाला शालीचं टोक लावलं आणि कास्तुलो गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. येसेनियानं तिला धरून ठेवलं.

ते सात पेरले. आढ्यावरच्या बाकीच्या कणसांचे दाणेही पेरले. बरेच उगवले नाहीत, थोडे उगवले. या वर्षी बांधालगत तांबड्या मक्याची अर्धी ओळ उभी आहे. गाठी मारायला येसेनिया गेली होती. फेलीनं तिला लोकरीचा गुंडाच देऊन टाकला.

काल पुन्हा पेरिकोनच्या क्रूसांचा दिवस होता. मला चुलीवर चढवलं. जाळीवर पांढऱ्या मक्याची कणसं लावली. येसेनियानं सालीची पट्टी फाडली आणि माझ्या कानाकडं हात नेला.

"राहू दे मोकळे," फेली म्हणाली. "ऐकू दे त्याला."

मग पाण्यात मीठ आधी घालायचं की मागून, यावरून दोघींचं जुंपलं. आधी घातलं तर दाणे चिवट होतात, असं सूनबाई म्हणत होती. "चाळीस वर्षं चिवट खाल्ले वाटतं मी?" असं सासू म्हणत होती. माझ्या अगदी तोंडासमोर, कान मोकळे असताना! मी रुसायची वाट बघत राहिलो. रुसवा आला नाही. कणसं अशी मऊ शिजली, की चोनानं दोनदा विचारलं, "काय गं, भांडलात ना? मग शिजली कशी?"

यावरूनही दोघींचं पुन्हा जुंपलं.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. घरातल्या जुन्या हंड्याचे कान बांधायची रीत असेल तर खुशाल बांधा, त्याला काही होत नाही. पण घरात नव्यानं आलेल्या माणसाला अर्धंच सांगून गप्प बसू नका. माझ्या पोटातलं नाणं वाजायचं थांबलं की पाणी आटलेलं असतं, हे मला माझ्या काळ्या डागानं शिकवलं आहे. घरातला आवाज थांबला, तर तसंच धावत जा आणि झाकण उघडून बघा.

आमच्या घरात आता दिवसभर आवाज असतो. आताही आहे. मी चुलीवर आहे, खाली विस्तव आहे, आणि काहीतरी खणखणतंय. माझ्या पोटातलं नाणं वाजतंय की त्या दोघी, हे खरं सांगायचं तर मला ओळखू येत नाही.